पर्जन्यवृक्षाचा वाडगा : उपनगरातील कातकामासाठी मार्गदर्शन

लाकडाचा ठोकळा यंत्रावर फिरता ठेवून धारदार पटाशीने त्याला गोल घाट देण्याच्या कामाला कातकाम आणि ते करणाऱ्या कारागिराला कातारी म्हणतात. पाळण्याचे खांब, लाटणे, भोवरा, कुंकवाचा करंडा अशा नित्याच्या वस्तू पिढ्यानपिढ्या याच हातांनी घडवल्या असून सावंतवाडीच्या लाखेने रंगवलेल्या लाकडी वस्तूंमागेही हीच कला आहे. भाकरीचे पीठ मळण्याची उथळ काठवट महाराष्ट्राच्या घराघरांत होती. परंतु खोल वाडगा हा कातकामाचा वेगळा आणि अधिक अवघड प्रकार ठरतो, कारण लाटण्यात लाकडाचे धागे फिरण्याच्या अक्षाला समांतर असतात, तर वाडग्यात ते आडवे असतात आणि त्यामुळे प्रत्येक फेरीत पटाशीला दोनदा लाकडाचा आडछेद, म्हणजे धाग्यांची उघडी टोके, कापावी लागतात. वाडगा कातण्यातील पुढची जवळजवळ प्रत्येक अडचण या एका गोष्टीतून निर्माण होते.

या छंदाकडे वळणाऱ्याचे लक्ष प्रथम परदेशी कठीण लाकडांकडे जाते. कठीण लाकूड ही संज्ञा रुंद पानांच्या सपुष्प वृक्षांच्या लाकडाला लावली जाते, मग ते हाताला कठीण लागो वा न लागो. पांगारा आणि काटेसावर हे वृक्षही याच वर्गात मोडतात, जरी त्यांच्या लाकडावर नखाचा ओरखडा उठत असला तरी. युरोप-अमेरिकेतील कातारी ज्यांना दूरदेशीची मौल्यवान लाकडे मानतात त्यांत मध्य अमेरिकेतील कोकोबोलो आणि आफ्रिकेतील पडाऊक यांच्याबरोबरच भारतातील शिसवही येते. उष्ण कटिबंधातील लाकडांचे पातळ, नितळ वाडगे घडवून ही आवड रुजवणाऱ्यांत अमेरिकेतील बॉब स्टॉक्सडेल (१९१३–२००३) यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु कॅलिफोर्नियात बसलेल्या कारागिराला जे लाकूड समुद्रापलीकडून मागवावे लागते, त्यासाठी अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या रहिवाशाने तसाच खर्च करण्याचे कारण नाही, कारण तो स्वतःच उष्ण कटिबंधात राहतो आणि दर पावसाळ्याच्या आधी व पावसाळ्यात त्याच्या दारातच अशा लाकडाचे ढीग पडतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण हवाई बेटांचे आहे. तेथील जुन्या लोकपरंपरेत अन्न ठेवण्याची भांडी ज्या लाकडांपासून कोरली जात त्यांत मिलो आणि कमानी ही दोन नावे प्रमुख आहेत. त्यांपैकी मिलो म्हणजे मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला उभी असलेली पारोसा भेंडी आणि कमानी म्हणजे कोकण किनाऱ्यावरील उंडी, जिच्या बियांचे तेल कोकणात दिव्यांसाठी आणि होड्यांना लावण्यासाठी वापरले जाई. तिसरे लाकूड तिथे बाहेरून गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पर्यटकांसाठी घडवलेल्या वाडग्यांमुळे जगभर पोचले. ते म्हणजे पर्जन्यवृक्ष, ज्याला विलायती शिरीष असेही म्हणतात. मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतील हा वृक्ष मुंबईतही परकाच, पण सावलीसाठी इतका लावला गेला की उपनगरातील अनेक जुन्या रस्त्यांवरचे छत त्याच्याच फांद्यांचे आहे. अलीकडच्या वर्षांत पिठ्या ढेकूण या रसशोषक किडीमुळे असे कित्येक वृक्ष उभ्या उभ्या वाळले आणि तोडले गेले, आणि त्यांचे लाकूड बहुतांशी सरपणात गेले, ही खेदाची गोष्ट आहे.

नवख्या कातणाऱ्यासाठी पर्जन्यवृक्षच निवडावा, असे निःसंकोचपणे सांगता येते. त्यामागचे कारण समजण्यासाठी लाकूड कसे आकसते हे पाहावे लागते. ओले लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, गाभ्यापासून सालीकडे थोडे आकसते आणि वलयांच्या दिशेने साधारण त्याच्या दुप्पट आकसते. या विषमतेमुळे गोल कातलेला वाडगा लंबगोल होतो आणि ताण सहन न झाल्यास त्याला चीर जाते. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत वलयांच्या दिशेचे हे आकसणे सागात सुमारे ५.३ टक्के आणि शिसवात सुमारे ५.८ टक्के असते, तर पर्जन्यवृक्षात ते सुमारे ३.४ टक्केच असते. मुंबईच्या हवेत लाकूड कधीच पूर्ण कोरडे होत नाही, ते साधारण १२ टक्के ओलाव्यावर थांबते, म्हणजे एकूण आकसण्यापैकी जेमतेम साठ टक्के भाग प्रत्यक्षात घडतो. त्या हिशेबाने २५० मिलिमीटर व्यासाचा ओल्या शिसवाचा वाडगा एका बाजूने जवळपास ९ मिलिमीटर आखडेल, तर पर्जन्यवृक्षाचा ५ मिलिमीटर. इतका बाक डोळ्यांना खुपत नाही, त्यामुळे पर्जन्यवृक्षाचा वाडगा ओल्या लाकडातून एकाच बैठकीत पुरा केला तरी चालतो. त्याचा गडद तपकिरी गाभा आणि फिकट पिवळसर कड यांचा मेळही देखणा असतो.

अर्थात इतर झाडांनाही आपापले गुण आहेत. फणसाचे लाकूड कातताना हळदीसारखे पिवळे असते आणि उजेडात महिन्यामहिन्याने तपकिरी होत जाते, म्हणून त्याचा रंग पहिल्या दिवशीच्या रूपावरून ठरवू नये. आंब्याचे लाकूड मऊ आणि सहज मिळणारे आहे. त्यात बुरशीने उमटवलेल्या काळ्या रेषा कधी कधी चित्रासारख्या दिसतात, मात्र बुरशी पुढे गेली की लाकूड ठिसूळ होते आणि पटाशीखाली उपटून निघते. चिंच फार कठीण असून तिचा जांभळट काळा गाभा लहानच असतो. आरे परिसरात आणि रस्त्यांच्या कडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र दुर्लक्षित राहिली आहे, वास्तविक तिचे लालसर तपकिरी लाकूड कातकामाला उत्तम आहे. गुलमोहराची फांदी वादळात सर्वांत आधी मोडते आणि सर्वांत सहज मिळते, पण त्याचे लाकूड सरावाच्या ठोकळ्यापलीकडे फारसे उपयोगी पडत नाही. कण्हेर विषारी असल्याने खाण्याच्या भांड्यासाठी ती कधीही घेऊ नये.

लाकूड कोठून आणावे, या प्रश्नाला कायद्याची बाजू आहे आणि ती प्रथम समजून घेतली पाहिजे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरातील झाड, मग ते खासगी आवारातील का असेना, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. छाटणीसाठीही गृहनिर्माण संस्थेला प्रभाग कार्यालयाच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. अंधेरी पश्चिमेसाठी के पश्चिम, पूर्वेसाठी के पूर्व, बोरिवलीसाठी आर मध्य, घाटकोपरसाठी एन आणि मुलुंडसाठी टी हे प्रभाग आहेत. वाचकाने स्वतः झाडाला हात न लावता संस्थेच्या सचिवाकडे छाटणीची तारीख विचारून ठेवावी आणि त्या दिवशी लाकूड उचलणाऱ्या कंत्राटदाराकडून हवे तेवढे ओंडके रीतसर पावतीसह विकत घ्यावेत, हा सर्वांत सरळ मार्ग आहे. बोरिवली आणि मुलुंड या दोन्ही बाजूंना लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून मात्र पडलेली फांदीही आणता येत नाही, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली तेथील मृत लाकूडही संरक्षित आहे, आणि ते योग्यच आहे, कारण कुजणाऱ्या ओंडक्यावर कीटक, बुरशी आणि पक्षी यांचे एक संपूर्ण जग जगत असते.

वाळलेले जुने लाकूड हवे असेल तर जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार आणि रे रोडजवळील लकडा बंदराच्या वखारी पाहाव्यात. पाडलेल्या इमारतींतील बर्मा सागाच्या तुळया अनेक दशके वाळलेल्या असल्याने त्या एकदाच कातून पुऱ्या करता येतात. परंतु त्यांत खिळे लपलेले असतात, म्हणून प्रत्येक ठोकळ्यावरून आधी लोहचुंबक फिरवावे, आणि जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव लक्षात घेऊन रंगवलेला पृष्ठभाग संपूर्ण कापून टाकल्याशिवाय त्याचा वाडगा करू नये. सागात वाळूसारखी सिलिका असते, ती पटाशीची धार फार लवकर बोथट करते. शिसवाचा वाडगा परदेशातील आप्तांना पाठवायचा असेल तर आणखी एक दक्षता हवी : शिसव ज्या डालबर्जिया प्रजातीत मोडतो त्या प्रजातीचे सर्व वृक्ष २ जानेवारी २०१७ पासून सायटीस, म्हणजे संकटग्रस्त सजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करार, याच्या सूचीत आहेत, तयार वस्तूंना वजनाच्या मर्यादेत सवलत असली तरी पाठवण्यापूर्वी त्या वेळचे नियम पाहावेत.

ओंडका घरी आला की विलंब करू नये. आडछेदातून पाणी सालीच्या बाजूपेक्षा कितीतरी वेगाने उडून जाते आणि मे महिन्याच्या उन्हात दोन दिवसांतच टोकांना भेगा पडतात. म्हणून दोन्ही टोकांना वितळलेले मेण किंवा तैलरंगाचा जाड थर लावून ओंडका सावलीत ठेवावा. ओंडका कापताना त्याच्या मधोमध जाणारा भेंड, म्हणजे खोडाच्या केंद्रातील मऊ भाग, ठोकळ्यात राहू देऊ नये, कारण बहुतेक भेगा तेथूनच सुरू होतात. ओंडका भेंडाच्या दोन्ही बाजूंनी उभा चिरून मधली फळी काढून टाकली की दोन वाडग्यांचे दोन ठोकळे मिळतात. सालीखालचा फिकट थर म्हणजे रसकाष्ठ आणि आतील गडद भाग म्हणजे मध्यकाष्ठ. रसकाष्ठात पिष्टमय अंश असल्याने लाकूड पोखरणारे भुंगेरे तेथेच शिरतात, आणि दमट उपनगरात ते नुकसान काही महिन्यांत दिसू लागते. म्हणून रसकाष्ठाची शोभा राखायची असेल तर लाकूड ताजे असतानाच कातावे, साठवून ठेवू नये.

पर्जन्यवृक्ष सोडून इतर ओल्या लाकडांसाठी दोनदा कातण्याची पद्धत वापरतात. प्रथम वाडगा जाडसर कातायचा, वाळू द्यायचा, वाकू द्यायचा आणि मग पुन्हा यंत्रावर चढवून खरा गोल करायचा. पहिल्या कातण्यात भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश ठेवावी, म्हणजे २५० मिलिमीटरच्या वाडग्याला २५ मिलिमीटर. यापेक्षा पातळ ठेवल्यास वाकल्यावर पुन्हा गोल करण्याइतके लाकूड उरत नाही आणि फार जाड ठेवल्यास आतले व बाहेरचे थर वेगवेगळ्या वेगाने वाळून चीर जाते. असा कच्चा वाडगा खाकी कागदाच्या पिशवीत घालून, तिच्यावर झाडाचे नाव व तारीख लिहून, वाऱ्याच्या झोतापासून दूर, शक्यतो घरातील माळ्यावर ठेवावा. ज्या भुशातून तो निघाला त्यातच पुरून ठेवण्याचा सल्ला थंड प्रदेशांतील पुस्तके देतात, तो मुंबईत पाळू नये. ओला भुसा आणि जुलैची हवा यांनी आठवड्यातच बुरशी धरते.

वाळण्याचा अंदाज बोटांनी घेता येत नाही, वजनाने घेता येतो. स्वयंपाकघरातील काट्यावर वाडगा दर आठवड्याला तोलून वजन पिशवीवर लिहीत जावे, आणि तीन-चार आठवडे वजन बदलले नाही की तो आसपासच्या हवेशी समतोल झाला असे समजावे. येथे मुंबईची एक खास अडचण समोर येते. लाकूड हवेच्या दमटपणानुसार पाणी सोडते किंवा शोषते. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असताना ते सुमारे १८ टक्के ओलाव्यावर स्थिरावते, तर ६० टक्क्यांना सुमारे ११ टक्क्यांवर. म्हणजे जुलैत वजन स्थिर झालेला वाडगा कोरडा नसतोच, आणि मे अखेरीस कोरडा असलेला वाडगा पावसाळ्यात पुन्हा जड होतो. यावरून उपनगरातील कातणाऱ्याचे वर्ष आपोआप आखले जाते : एप्रिल ते जुलै या काळात छाटणीचे आणि वादळात पडलेले लाकूड मिळते तेव्हा कच्चे वाडगे कातून ठेवावेत, ऑक्टोबरच्या उन्हानंतर ते खऱ्या अर्थाने वाळू लागतात, आणि जानेवारी ते मे हा दुसऱ्या कातण्याचा हंगाम होय. पावसाळ्यातच काम पुढे न्यायचे असेल तर जुन्या लाकडी कपाटात तळाशी ४० वॅटचा एक दिवा, वर-खाली हवेसाठी भोके आणि मधल्या फळ्यांवर वाडगे, अशी रचना पुरते. कच्चे वाडगे त्यात पहिला महिना उलटल्यावरच ठेवावेत, नाहीतर घाईने वाळून तडकतात. वातानुकूलित घरात किंवा उत्तरेच्या कोरड्या थंडीत जाणारा वाडगा तर अशा कपाटात मुद्दाम वाळवूनच दुसऱ्यांदा कातावा.

यंत्र, म्हणजे लेथ, निवडताना सदनिकेत राहणाऱ्याने मोहाला मर्यादा घालावी. १० ते १२ इंच व्यास मावणारा, अर्धा ते एक अश्वशक्तीची मोटार असलेला आणि वेग कमी-जास्त करता येणारा लहान लेथ घरगुती विजेवर चालतो; तो जड टेबलावर घट्ट बसवून टेबलाच्या खालच्या फळीवर वाळूच्या गोण्या ठेवल्या की थरथर पुष्कळ कमी होते. तरीही आवाज आणि धूळ खालच्या मजल्यापर्यंत पोचतात, त्यामुळे शेजाऱ्यांशी आधी बोलून कामाची वेळ ठरवावी. दोन-तीन जणांनी मिळून एखाद्या औद्योगिक वसाहतीतील लहान गाळा भाड्याने घेणे हा दीर्घकाळासाठी अधिक समंजस उपाय आहे.

कातताना सर्वांत मोठी जोखीम वेगाची असते. वाडग्याचा इंचातील व्यास आणि दर मिनिटाच्या फेऱ्या यांचा गुणाकार ६००० ते ९००० यांच्या दरम्यान असावा, असा कातणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. त्यानुसार १० इंची वाडगा ६०० ते ९०० फेऱ्यांवर फिरवायचा, आणि ओबडधोबड, असमतोल ठोकळा सुरुवातीला त्याहूनही बराच कमी वेगाने. यंत्र सुरू करण्यापूर्वी ठोकळा हाताने एक पूर्ण फेरी फिरवून तो हत्यार टेकवण्याच्या आडव्या दांडीला कोठेही घासत नाही याची खात्री करावी आणि सुरू करताना स्वतः त्याच्या समोरून बाजूला उभे राहावे. संपूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल चढवल्याशिवाय बटण दाबू नये. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातील साखळी, बोटातील अंगठी आणि हातमोजेसुद्धा फिरत्या लाकडाजवळ धोक्याचे असतात.

वाडग्यासाठीची पटाशी खोल पन्हळीची असते, तिला गाऊज म्हणतात. तिच्या धारेमागचा उतरता भाग, ज्याला ढाळ म्हणता येईल, आधी लाकडावर टेकवावा आणि मग मूठ हळूहळू उचलत धार लाकडाला भिडवावी. ढाळाचा आधार सुटला की धार एकदम आत घुसते आणि वाडगा उखडतो किंवा फुटतो. बाहेरची बाजू तळाकडून काठाकडे आणि आतली बाजू काठाकडून तळाकडे कातावी, कारण त्या दिशेने गेल्यास प्रत्येक धाग्याला मागच्या धाग्याचा आधार मिळतो आणि आडछेद उपटून न निघता स्वच्छ कापला जातो. आधी बाहेरचा घाट पुरा करून तळाशी चक, म्हणजे ठोकळा धरणारी यंत्राची पकड, पकडू शकेल अशी आखूड गोल बैठक कातावी, मग वाडगा उलटा करून ती बैठक चकाच्या जबड्यांत धरावी आणि आतून पोखरत जावे. आतला भाग काठापासून टप्प्याटप्प्याने पुरा करत खाली जावे. तळापर्यंत पोचून पुन्हा काठाकडे परतल्यास पातळ झालेला काठ थरथरतो आणि पटाशी त्यावर नाचते. वाडगा दर दहा-पंधरा मिनिटांनी यंत्र थांबवून बोटांच्या चिमटीत धरून पाहावा. जाडी एकसारखी आहे की नाही हे डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळते.

धुळीविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे, कारण हौशी कारागीर तिच्याकडे दुर्लक्ष करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. साग आणि शिसव यांच्यातील क्विनोन वर्गातील रसायने काही लोकांच्या त्वचेवर पुरळ उठवतात आणि एकदा त्रास सुरू झाला की पुढे अल्प संपर्कानेही तो वाढतो. आंबा काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातला असल्याने ज्यांना चिकाची खाज येते त्यांनी त्याचे ओले लाकूड जपून हाताळावे. खरी सूक्ष्म धूळ पटाशीने नव्हे तर पॉलिश पेपरने घासताना उडते. म्हणून धार चांगली ठेवून घासणे कमी करणे, घासताना बारीक कण अडवणारा मुखवटा लावणे आणि खिडकीकडे तोंड करून पंखा ठेवणे, या तीन गोष्टी एकत्रच पाळाव्यात. ओल्या लाकडाचे लांब काप घरच्या कंपोस्टात ओल्या कचऱ्याबरोबर मिसळण्यास उत्तम असतात. सागाचा भुसा मात्र त्यात घालू नये, कारण तो कुजण्यास फार वेळ घेतो.

शेवटचा हात कोणता द्यावा हे वाडग्याच्या उपयोगावरून ठरते. सुका मेवा किंवा फळे ठेवायची असतील तर चपडी लाख स्पिरिटात विरघळवून केलेले पॉलिश देखणे दिसते. तसे करायचे नसेल तर पारंपरिक कातारी रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून घर्षणाच्या उष्णतेने ती वितळवतो, तीही पद्धत शिकण्याजोगी आहे. परंतु लाखेवर गरम पदार्थ किंवा पाणी पडले की पांढरे डाग उठतात, त्यामुळे कोशिंबीर किंवा भाकरी ठेवण्याच्या वाडग्याला औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन आणि मधमाश्यांचे मेण मंद आचेवर एकत्र वितळवून लावावे. मोहरीचे किंवा शेंगदाण्याचे तेल लावल्यास ते पृष्ठभागावर न सुकता खवट होते. वापरलेला वाडगा पाण्यात बुडवून न ठेवता लगेच धुऊन, पुसून, सावलीत उपडा ठेवावा. मेणाचा हात एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑक्टोबरात द्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये तळाशी पांढरी बुरशी दिसू लागली तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसून, पंख्याखाली दिवसभर सुकवून, मगच वाडगा पुन्हा फडताळात ठेवावा.